भोंग्यातली छबूबाई

छबूबाई संगमनेरला निघाली तेव्हा सहादेवला काळजी बायकोची नव्हती, पेरूंची होती. निदान तो सगळ्यांना तसंच सांगत होता. सून स्नेहल बाळंत झाली होती. तिच्या आईचे गुडघे एकदा खाली बसलं की उठू देत नव्हते, तेव्हा बाळंतिणीचं करायला सासूनंच जायचं ठरलं. इकडे राहात्याच्या शिवारात बाग ऐन भरात आलेली. फांद्या ओझ्यानं वाकल्या होत्या, सकाळच्या थंडीत पेरूचा वास पार बांधापर्यंत जात होता आणि ओढ्याकाठच्या चिंचेवर वानरांची टोळी तो वास घेत बसली होती.

शिवारातले लोक म्हणायचे, सहादेवच्या बागेला कुंपण नाही, छबूबाई आहे. ते खोटं नव्हतं. तिनं बांधावर उभं राहून एक हाळी दिली की पाटापलीकडच्या वस्तीवरची कुत्री आधी गप्प व्हायची आणि मग जागा बदलायची. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा ह्या रानात ज्वारी होती. हुरड्याच्या दिवसांत ती माळ्यावर चढून पाखरं राखायची आणि सहादेव खाली बसून गोफणीसाठी खडे निवडून द्यायचा. खडे त्यानं ढीगभर निवडले, पण तिला त्यातले चारदोनच लागायचे. पाखरं नुसत्या आवाजानंच उठायची. पुढं ज्वारी गेली, ऊस आला, उसात बिबट्या आला म्हणून ऊस गेला आणि पेरू आले. पीक बदललं, खाणारे बदलले, आवाज तोच राहिला.

सहादेवचा आवाज मात्र मुळातच बारीक. लग्नात त्यानं नाव घेतलं ते पहिल्या रांगेतल्यांनी मागच्यांना पुन्हा सांगितलं होतं. घरीदारी त्याचं बोलणं लोकांना छबूबाईमार्फतच कळायचं. तो पुटपुटायचा आणि ती जाहीर करायची, "ते म्हनत्यात, चा ठिवा." वानरांनी तर त्याला केव्हाच ओळखलं होतं. तो काठी घेऊन धावला तर ती पळत नसत. खाता खाता त्याच्याकडे पाठ करत, तेवढीच काय ती अदब.

आईला न्यायला गोरक्ष गाडी घेऊन आला होता. तो संगमनेरच्या एका दूध डेअरीत हिशेबाच्या खात्यात होता आणि बापाचा हिशेब त्यानं मनाशी आधीच मांडून ठेवला होता.

"आबा, ऐका माझं," तो म्हणाला. "बाग अजिनाथभाऊला वाट्यानं द्या आन् तुमी बी चला. एकट्यानं कुठं वानरं हाकत बसता ह्या वयात?"

सहादेव काहीतरी म्हणाला.

"काय?" गोरक्षनं आईकडे बघितलं.

"ते म्हनत्यात, न्हाई," छबूबाई म्हणाली.

"बरं. मंग आसं करू. ह्यो बहार उतरंस्तोवर बघू. बाग नीट ऱ्हायली तर मी पुन्यांदा विषय काढनार न्हाई. पर वानरांनी खाल्ली, तर मी गाडी घिऊन यीन. तवा मातर न्हाई म्हनायचं न्हाई."

सहादेवनं मान हलवली. संगमनेरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर तो एकदा राहून आला होता. तिथं चपला कुठं काढायच्या इथपासून सगळं विचारावं लागे, आणि खिडकीतून बघायला समोरच्या इमारतीची खिडकी होती. आपण तिथं महिनाभरात वाळून जाऊ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे आता सगळं पेरूंवर होतं, आणि पेरू राखणारी तर गाडीत बसायला निघाली होती.

तोड काढली अजिनाथनं. अजिनाथ शेजारचा, त्याची चिकूची बाग सहादेवच्या बांधाला लागून. मध्यंतरी तो टेम्पोतून कांदे-लसूण विकत गावोगाव फिरायचा, तेव्हाचा बॅटरीवरचा भोंगा त्याच्या पडवीत पडून होता. बटण दाबून एकदा बोललं की तो भोंगा तेच तेच दिवसभर ओरडत राहायचा.

"मामी, तुमी ह्यात फकस्त एकडाव वरडून जावा," अजिनाथ म्हणाला. "बाकी ह्यो बघंल."

छबूबाईनं भोंगा तोंडाजवळ धरला आणि गप्प उभी राहिली.

"वरडा की."

"कुनावर वरडू? समोर एक बी वानर न्हाई. उगाच आपलं हवंवर वरडाया मी काय येडी हाय?"

अजिनाथनं खूप समजावलं. तिनं दोनदा "हाड् हाड्" केलं, पण ते शेजारच्या पोराला दटावल्यासारखं झालं. राग आल्याशिवाय तिला ओरडता येत नव्हतं आणि कारणाशिवाय राग येत नव्हता. शेवटी अजिनाथनं डोकं चालवलं.

"तात्या, तुमी जरा मामींच्या समोर हुबे ऱ्हावा."

सहादेव मुकाट्यानं समोर जाऊन उभा राहिला, आणि छबूबाईची गाडी एकदम सुरू झाली.

"आरं ए मेल्यांनो, आलात का फुकटचं गिळाया. काळं तोंड घिऊन कुनाच्या दारात आलात रं. हाड्. हाट् हाट् हाट्." इथवर ठीक होतं. पण समोर नवरा होता. "आन् तुमी काय बघता माझ्या तोंडाकडं? गोळी घेतली का सकाळची?" सहादेव म्हणाला, घेतली. "तंबाखूची पुडी कनगीमागं लपिवली, मला दिसत न्हाई व्हय?" सहादेव म्हणाला, टाकून देतो. "आन् ती तुमची मालन. गोरक्षच्या जावळाला माझी पितळंची परात घिऊन गेली, पोराला पोर झालं तरी परतीचं नाव न्हाई. बोला की. तोंडात गूळ धरलाय का?" सहादेव म्हणाला, आणतो. "हाड्. हाट् हाट्."

अजिनाथनं बटण सोडलं. भोंग्यानं सगळं जसंच्या तसं धरलं होतं. सहादेवची उत्तरं तेवढी आली नव्हती. त्याचा आवाज भोंग्याला पेललाच नाही, त्या जागी नुसती शांतता भरली गेली होती.

"मधलं काढून टाकता यील का?" गोरक्षनं विचारलं.

"ते काय जमत न्हाई. सगळं ठिवायचं न्हाईतर सगळं पुसायचं."

"ऱ्हाऊ द्या," छबूबाई गाडीत बसता बसता म्हणाली. "वानरान्ला काय कळतंय मी कुनाला बोलते? आन् शनवारी भोंगा बंद ठिवा. मारुतीच्या वारी त्येंना शिव्या दिलेल्या मला चालायच्या न्हाईत."

गाडी गेली. सहादेवनं बागेच्या मधोमध बांबूवर भोंगा बांधला आणि बटण दाबलं. चिंचेवरून बांधावर उतरलेली टोळी पहिल्या "मेल्यांनो"ला जागच्या जागी थिजली आणि दुसऱ्या "हाट्"ला ओढ्यापार झाली. पेरूंत शिरलेले राघू थव्यानं उठले ते थेट गावाकडे गेले. सहादेव बांधावर बसून समाधानानं बघत राहिला. बायको लांब गेली होती आणि तिचा आवाज घरी राहिला होता. पुष्कळ नवऱ्यांना याच्या उलटं हवं असतं, पण सहादेवला हे बरं वाटलं.

अडचण दोन-तीन दिवसांनी बांधावरून चालत आली. तिच्या डोक्यावर पितळेची परात होती.

"घे दादा," सहादेवच्या बहिणीनं, मालनबाईनं परात त्याच्या पुढ्यात आदळली. "ठिव जपून. वैनीला सांग, तुझ्या सोन्याच्या परातीत मी काय न्हाऊन न्हाई घेतलं. आरं, घरात बोलली आसती तर ऐकलं आसतं. सकाळपास्नं सांजंपातूर साऱ्या शिवारात माझं नाव. काल पाटकरी इचारीत हुता, मालनबाई, कंची परात वो?"

सहादेव काहीतरी बोलला. समजावून सांगायला छबूबाई नव्हती. आणि ऐन त्या वेळी मागून भोंग्यानं विचारलं, "आन् ती तुमची मालन," त्यामुळं मालनबाईनं पुढचं ऐकून घेतलं नाही. ती गेल्यावर सहादेवनं परात चुलीच्या राखेनं घासली. ह्याच परातीत गोरक्षच्या जावळाचे लाडू वळले होते. छबूबाई तेव्हा तरणीताठी होती, लाडू वळता वळता बायकांवर ओरडत होती, आणि सगळ्या हसत होत्या. परात लखलखीत झाली तरी तो घासत राहिला.

भोंग्याची त्याला अशी सवय होत गेली. सकाळी भोंगा विचारायचा, गोळी घेतली का? चाळीस वर्षांची खोड, तोंडातून आपसूक जायचं, "घेतली गं." पुढच्या शांततेत तो म्हणायचा, "टाकली पुडी, खरंच टाकली." त्यानं ती खरोखरच टाकली होती. दिवसभरात इतक्यांदा खोटं बोलणं त्याला जमेना. परातीच्या वेळी तर त्याला मोठा हुरूप यायचा. "आली, आली. घासून ठिवलीय." भोंगा ते मानायचा नाही, पुन्हा तेच विचारायचा. पण त्यातही फारसं वेगळं काही नव्हतं, छबूबाईलाही एकदा सांगून कधी पटलं नव्हतं.

शनिवारी भोंगा बंद. त्या दिवशी त्याला घर खायला उठायचं. चूल, पडवी, दोरीवर वाळत घातलेलं एकुलतं एक धोतर, सगळं गप्प. आपल्याला तिची आठवण येते हे त्याला पहिल्या शनिवारी कळलं, आणि ह्या वयात असलं काही कळावं याची त्याची त्यालाच लाज वाटली. वानरं त्या दिवशी निर्धास्त खात होती. त्यानंही त्यांना हाकललं नाही. तेवढीच बागेत जाग होती.

अजिनाथनं हे सगळं बांधाआडून बघितलं. बघितलं म्हणजे चिकू तोडता तोडता ऐकलं. म्हातारा बांबूखाली बसलाय, भोंगा विचारतोय आणि म्हातारा उत्तर देतोय. अजिनाथ वाईट माणूस नव्हता. वाट्यानं बाग मिळाली तर त्याला नको होती असंही नाही, पण त्यासाठी त्यानं फोन केला नाही. त्याला खरंच काळजी वाटली.

"गोरक्षभाऊ, तुमी जरा यिऊन जावा," त्यानं फोनवर सांगितलं. "तात्यांचं जरा येगळंच चाललंय. भोंग्यासंगं बोलत्यात."

"बोलत्यात म्हंजी?"

"म्हंजी भोंगा बी बोलतोय म्हना. पर तात्या त्याला गं म्हनत्यात."

तिकडे वानरांचीही शाळा चालू होती. पहिल्यांदा ती "मेल्यांनो"ला पळायची. मग "हाट्"पर्यंत थांबू लागली. मग एक थोराड हुप्प्या बांधावर येऊन सगळं परातीसकट ऐकून घ्यायचा आणि निवांत उठून जायचा. एक दिवस तो उठलाच नाही. भोंगा ओरडून ओरडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तरी मागून दगड नाही, काठी नाही, कुणी धावत येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी दुपारी तो बांबूवर, भोंग्याच्या वर चढून बसला आणि त्यानं पेरू खाल्ला. टोळी हळूहळू आत आली.  सहादेवला पेरूंच्या जागी ती संगमनेरची खिडकी दिसू लागली.

कृषी सहायक अनीश कुलकर्णी त्याच आठवड्यात फिरतीवर आला. पोरगा शहरातला, पण मनापासून काम करणारा. त्यानं बाग बघितली, भोंगा ऐकला, परातीला जरासा हसला.

"काका, याला आपण मानव आणि वन्यजीव संघर्ष म्हणतो," तो म्हणाला.

"कसला संघर्ष सायेब," सहादेव पुटपुटला. "त्यांनी खायाचं आन् मी बघायचं."

"काय म्हणालात? बरं, असू द्या. प्राण्यांना एकाच आवाजाची सवय होते. तुम्ही काय करा, भोंग्याची जागा रोज बदला. आणि नुसता आवाज ठेवू नका. आवाजाला माणूस पाहिजे. एखादं बुजगावणं करा आणि त्याच्यात भोंगा बसवा."

सहादेवनं सांगितल्याबरहुकूम केलं. मात्र एकदा करायचं म्हटल्यावर त्याला ते कसंतरी करता येईना. आवाज छबूबाईचा आणि अंगात फाटकी पैरण, हे त्याच्या डोळ्यांना बघवेना. त्यानं पेटी उघडून तिचं हिरवं इरकली लुगडं काढलं. बांबूला पाचटाचं अंग केलं, लुगडं नेसवायला त्याला अख्खी सकाळ लागली, निऱ्या तीनदा सुटल्या. डोक्याला मडकं लावून त्यावर पदर घेतला, पोटात भोंगा ठेवला. लांबून बघितलं तर साक्षात छबूबाई कंबरेवर हात ठेवून उभी. वानरं पळाली. सहादेवनंसुद्धा दोन पावलं मागं घेतली.

मग त्यानं रोज जागा बदलायला सुरुवात केली. एवढी मोठी छबूबाई खांद्यावर टाकून ह्या सरीतून त्या सरीत नेताना त्याला दम लागायचा, पण काम झालं की तो तिथंच तिच्या शेजारी बसकण मारायचा. दुपारची भाकरीही तिथंच सोडायचा. तिचं डाफरणं ऐकत, अधूनमधून हो-ना करत जेवण कसं व्यवस्थित जायचं. वानरं मात्र दिवसागणिक त्या लुगड्यालाही सरावत चालली होती.

ज्ञानेश्वरीनं हे रस्त्यावरून बघितलं. ही छबूबाईच्या बहिणीची मुलगी, लोणीला दिलेली. राहात्याच्या बाजाराला निघाली होती, ती स्कूटी थांबवून बघतच राहिली. तिनं लगोलग मावशीला फोन लावला.

"मावशे, आलीस बी आन् कळिवलं बी न्हाई? थांब, बांधावरनं आत येते."

"कुठं आले? मी संगमनेरला हाय. पोराला तेल लावतीया."

"मंग काकांजवळ कोन बसलंय?"

"काकांजवळ?"

"हिरवं लुगडं नेसलेली हाय कुनी. काका शेजारी भाकर खाया बसल्यात. तिच्या तोंडाकडं बघूबघू बोलत्यात. आन् ती डाफरतीया त्यांच्यावर. थांब, ऐकिवते."

ज्ञानेश्वरीनं फोन बागेकडे धरला. संगमनेरच्या तिसऱ्या मजल्यावर छबूबाईनं कान देऊन ऐकलं. वारा होता, तुटक तुटक आलं, पण एक वाक्य स्पष्ट आलं: "गोळी घेतली का सकाळची?"

माणसाला जगातले सगळे आवाज ओळखू येतात, स्वतःचा तेवढा येत नाही.

"कोन भवानी हाय ही?" छबूबाई म्हणाली. "किती कडाडती. बाईच्या जातीला शोभतं का आसं? आन् माझ्या नवऱ्याच्या गोळीची चौकशी करनारी ही कोन?"

"मावशे, मला तर वाटलं तुझाच आवाज हाय."

"माझा आवाज आसा हाय व्हय गं?" छबूबाईनं फोन ठेवला आणि तेलाच्या हातानंच उठली. "गोरक्षा, गाडी काढ."

गोरक्षला सुट्टी होती आणि अजिनाथचा फोन त्याच्या मनात खुटखुटत होताच. बाळाजवळ व्याहीणबाईंना बसवून दोघं निघाली. अख्ख्या वाटेत गोरक्ष आईला समजावत होता, की ह्या वयात एकटेपणानं माणसाला भास होतात, आबांना रागवू नकोस. आणि छबूबाई म्हणत होती, भास असा लुगडं नेसून भाकरीला बसत नसतो.

दोघं बागेत पोहोचली तेव्हा सहादेव जेवून हात धूत होता. तांब्यातलं पाणी हातावर घेताघेता त्यानं वर बघितलं, तर सरीतून एक छबूबाई चालत येत होती आणि शेजारी एक उभी होती. तो गोंधळला. काही बोलायच्या आत चालत आलेल्या छबूबाईनं उभ्या छबूबाईचा खांदा धरून तिला गर्रकन फिरवलं. मडकं घरंगळून पेरूच्या बुंध्याशी गेलं. पाचट सांडलं. आणि बिनमुंडक्याच्या पोटातून आवाज आला, "आन् तुमी काय बघता माझ्या तोंडाकडं? गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली," सहादेव म्हणाला.

छबूबाईनं भोंग्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"मी हितं हुबी हाय," ती म्हणाली, "आन् तुमी त्याला सांगता?"

एवढ्यात तिचं लक्ष पाचटावरच्या हिरव्या कापडाकडे गेलं. "आन् ह्ये माझं इरकली. वन्संच्या पोरीच्या लग्नात एकडाव नेसले हुते. ऊन लागू नये म्हनून पेटीच्या तळाशी ठिवलं, ते तुमी भर रानात..."

"आई, बघितलंस ना?" गोरक्ष मधे पडला.  "मी काय म्हनत हुतो? आरं देवा, बाहुलीला जेवाया घेऊन बसल्यात. आबा, बास झालं आता. चला."

गडबड ऐकून अजिनाथ बांधावरून आला. तो काही बोलणार तोच वरून एक अर्धा खाल्लेला पेरू त्याच्या पायाशी पडला. सगळ्यांनी मान वर केली. टोळी आत आली होती. हुप्प्या डोक्यावरच्याच फांदीला बसून पुढचा पेरू निवडत होता.

छबूबाईनं पदर खोचला. "आरं ए मेल्यांनो," ती ओरडली. तीच हाळी, तोच कडाका. "आलात का फुकटचं गिळाया."

एकही वानर हललं नाही. एका पिल्लानं तेवढी तिच्याकडे मान वळवली, आणि त्याच्या आईनं त्याला पुन्हा पेरूकडे वळवलं. छबूबाई आणखी मोठ्यानं ओरडली. हुप्प्यानं तिच्याकडे पाठ केली.

"मामी, त्येंना पाठ झालंय सगळं," अजिनाथ हळूच म्हणाला. "आता त्ये परातीची वाट बघत्यात."

छबूबाईचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्या आवाजानं ज्वारी राखली, पेरू राखले, घर राखलं, त्या आवाजाला आज एका वानरानं पाठ दाखवली होती. तिनं खोचलेला पदर सोडला आणि ती बुंध्याला टेकून उभी राहिली. सहादेवला तिच्याकडे बघवेना. तिच्या आवाजाची ही गत आपण केली, भोंगा लावून, रोज वाजवून वाजवून, हे त्याला आतून टोचलं.

"चला आबा," गोरक्षनं त्याचा दंड धरला. "कपडे भरा. अजिनाथभाऊ, बाग तुमीच बघा आता. ठरल्यापरमानं."

सहादेव काहीतरी म्हणाला.

"काय?" गोरक्षनं सवयीनं आईकडे बघितलं.

छबूबाई बोलली नाही. ती हुप्प्याच्या पाठीकडे बघत उभी होती.

सहादेव पुन्हा काहीतरी म्हणाला. पुन्हा सगळ्यांनी छबूबाईकडे बघितलं. ती गप्पच. गोरक्षनं बापाला दोन पावलं चालवलं. सहादेवनं मागं वळून तिच्याकडे बघितलं, बागेकडे बघितलं. आता आपलं म्हणणं जगाला सांगणारं कुणी उरलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"मी न्हाई येनार!"

आवाज कुठून आला हे आधी कुणालाच कळलं नाही. अजिनाथनं मागं वळून बघितलं. गोरक्षचा हात आपोआप सुटला.

"मी हितनं कुठंबी जानार न्हाई! माझं रान हाय, माझं घर हाय, माझी बायकू हितं यील! मी न्हाई येनार!"

तो आवाज आयुष्यभर न वापरल्यामुळं कोरा करकरीत होता, आणि वानरांनी तो जन्मात ऐकला नव्हता. हुप्प्याच्या हातून पेरू सुटला. त्यानं एकच हुंकार दिला आणि सगळी टोळी पोराबाळांसकट झाडांवरून झाडांवर झेपावत, बांध ओलांडून, अजिनाथच्या चिकूत शिरली. वरच्या शेंड्यांतले राघू उठले. पाटापलीकडची कुत्री गप्प झाली. अजिनाथ क्षणभर उभा राहिला, मग त्याला आपल्या चिकूंची आठवण झाली आणि तो "आरं, आरं" करत बांधाकडे पळाला.

सहादेव घामानं डबडबला होता. आपण काय करून बसलो या भीतीनं तो खाली बसला आणि तांब्यात उरलेलं पाणी प्यायला. गोरक्षनं बागेवरून नजर फिरवली. वानरं गेल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त बहार अजून झाडावर होता, आणि माल चांगला होता.

"ऱ्हायलं," तो म्हणाला. "मी पुन्यांदा विषय काढनार न्हाई."

छबूबाई मात्र अजून नवऱ्याकडेच बघत होती. लग्नाच्या मांडवातसुद्धा तिनं त्याला इतका वेळ निरखलं नव्हतं. ती जवळ आली.

"येवढा आवाज पोटात हुता," ती म्हणाली, "तर जलमभर माझा घसा कशापायी फोडून घेतला?"

सहादेवचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. ऐकायला तिला खाली वाकावं लागलं.

"तू वरडलीस म्हंजी तू हायेस, येवढं मला लांबनं कळायचं," तो म्हणाला. "त्ये बरं वाटायचं."

छबूबाई तशीच वाकून राहिली. गोरक्ष थोडा वेळ थांबला. मग त्याच्यानं राहवलं नाही.

"आई, काय म्हनत्यात आबा?"

छबूबाई सरळ झाली, पदरानं डोळे पुसले आणि पोराकडे न बघता जाहीर केलं, "ते म्हनत्यात, तू हो फुडं. तुझी आई उद्याच्या यष्टीनं यील."